कादंबरीवरील प्रेम आणि इतिहासाचा हिशेब

अमेरिकेतील यादवी युद्धाची (१८६१-६५) धग मुंबईच्या बाजारालाही लागली होती. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा होताच पश्चिम भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो कोसळला आणि मुंबईतील अनेक पेढ्या बुडाल्या. तथापि जगातील असंख्य वाचकांना हे युद्ध परिचित आहे, ते अर्थशास्त्राच्या ग्रंथांमुळे नव्हे, तर मार्गारेट मिचेल यांच्या 'गॉन विथ द विंड' या एकाच कादंबरीमुळे.

मिचेल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०० रोजी जॉर्जियातील अटलांटा शहरी झाला. पराभूत दक्षिणी सैन्यातील वृद्धांच्या कथा ऐकतच त्या वाढल्या. १९१८ मध्ये त्यांचा नियोजित वर फ्रान्समधील रणभूमीवर मारला गेला. पुढच्याच जानेवारीत इन्फ्लुएन्झाने आई गेली. महाविद्यालय सोडून त्या घरी परतल्या. पहिला विवाह फसला. वृत्तपत्रात त्यांनी चार वर्षे वार्ताहराचे काम केले. पण घोट्याच्या दुखापतीमुळे १९२६ मध्ये तेही सुटले. ग्रंथालयातून पुस्तकांचे भारे आणणाऱ्या पतीने, जॉन मार्श यांनी, आता स्वतःच पुस्तक लिहावे असे सुचविले. शेवटचे प्रकरण आधी लिहून सुरू झालेले हे लेखन जवळजवळ दहा वर्षे लिफाफ्यांत पडून वाढत राहिले.

जून १९३६ मध्ये हजारावर पृष्ठांची ही कादंबरी बाहेर पडली. किंमत तीन डॉलर, काळ महामंदीचा. तरीही सहा महिन्यांत दहा लाख प्रती खपल्या. याचे कारण उघड आहे. सर्वस्व गमावलेल्या, भुकेल्या स्कार्लेटची पुन्हा उभे राहण्याची जिद्द मंदीने नागविलेल्या वाचकाला आपलीच वाटली. १९३७ मध्ये कादंबरीला पुलित्झर पारितोषिक लाभले.

परंतु या मोहक चित्रात एक मोठी अफरातफर आहे. १८६० मध्ये दक्षिणेत सुमारे ४० लाख गुलाम होते. त्यांच्या फुकटच्या श्रमांवरच तेथील कापूस, वाडे आणि मेजवान्या उभ्या होत्या. कादंबरी मात्र त्यांना संतुष्ट, स्वामिनिष्ठ सेवक म्हणून रंगविते. या असत्याचा वारसा प्रत्यक्षातही चालू होता. डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात चित्रपटाचा थाटाचा प्रथम खेळ झाला, तेव्हा त्यातील कृष्णवर्णीय अभिनेत्री हॅटी मॅकडॅनिएल यांना वर्णभेदामुळे तेथे उपस्थित राहता आले नाही. पुढे याच भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले.

मिचेल यांच्या आयुष्यातील विचार करायला लावणारा भाग याच्या नंतरचा आहे. १९४० च्या दशकात मोअरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष बेंजामिन मेज यांच्यामार्फत त्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी गुप्तपणे पैसे दिले. ११ ऑगस्ट १९४९ रोजी चित्रपटास जाताना त्यांना मोटारीची धडक बसली. १६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. हे दान त्यांच्या हयातीत अज्ञातच राहिले.

या दानाने कादंबरीतील असत्य पुसले जात नाही. आणि त्या असत्यामुळे स्कार्लेटची जिद्दही खोटी ठरत नाही. कादंबरीवर प्रेम जडणे हा दोष नव्हे. मात्र त्या वैभवाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावर वाचकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.