स्नूकरचा पहिला बादशहा : ज्यो डेव्हिस

कॅरममध्ये क्वीन घेतली की कव्हर लागतं. स्नूकरमध्येही अशीच अट आहे: आधी एक लाल बॉल पॉकेटमध्ये घालायचा, मगच रंगीत बॉल. मित्रांनो, हा खेळ जन्मला आपल्या जबलपुरात, १८७५ साली, ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. पण त्याला मोठं केलं ते इंग्लंडच्या ज्यो डेव्हिसने.

डेव्हिसचा जन्म १५ एप्रिल १९०१चा, डर्बीशायरमधल्या व्हिटवेल गावचा. वडील आधी कोळशाच्या खाणीत कामगार, नंतर पब चालवायला लागले. पबात बिलियर्ड्सचं टेबल होतं, पोरगा त्यावरच तयार झाला. उजव्या डोळ्याने त्याला फार कमी दिसायचं, म्हणून नेम धरायचा तो डाव्या डोळ्याने! तेराव्या वर्षी तो चेस्टरफील्डचा हौशी विजेता झाला, अठराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू. १९२८ ते १९३२ या काळात बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद त्याने चार वेळा मिळवलं.

दुसरा कोणी असता तर इथेच निवांत झाला असता. पण बिलियर्ड्सचं पुढे काही खरं नाही, हे डेव्हिसने ओळखलं होतं. खेळाडू इतके तरबेज झाले होते की एक जण खेळायला लागला की दुसऱ्याने नुसतं बसून राहायचं. १९३२ मध्ये लंडनला ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमने ४१३७ गुणांचा ब्रेक केला, तेव्हा समोर खुर्चीत बसला होता खुद्द डेव्हिस. प्रेक्षक कंटाळणार नाहीत तर काय?

स्नूकर मात्र झटपट चालायचं. मोठे खेळाडू त्याला टाइमपास समजायचे, तरी डेव्हिसने बिल कॅमकिनला हाताशी धरून पहिली जागतिक स्पर्धा घडवून आणली. १९२७ मध्ये बर्मिंगहॅमला अंतिम सामना त्याने २०-११ असा जिंकला. बक्षीस किती? साडेसहा पौंड!

१९४० पर्यंत सलग १४ विजेतेपदं, आणि महायुद्धानंतर १९४६ मध्ये पंधरावं. मग अजिंक्य असतानाच त्याने ही स्पर्धा सोडली. तिथे त्याला खरा घाम फोडला तो सख्ख्या धाकट्या भावाने: १९४० च्या अंतिम सामन्यात फ्रेड ३६-३७ असा हरला. पुढे २२ जानेवारी १९५५ रोजी, ५३ व्या वर्षी, ज्योने १४७ गुणांचा पूर्ण ब्रेक केला. अधिकृत मान्यता मिळालेला तो पहिलाच.

१९७८ मध्ये ६४ वर्षांचा फ्रेड जागतिक उपांत्य सामना खेळत होता. तो बघताना ज्यो कोसळला, आणि १० जुलैला गेला. १९२७ मध्ये त्याने उचललेला चषक आजही दरवर्षी नव्या विजेत्याच्या हाती जातो.