आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक

आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक (जन्म : १७ जानेवारी, १८३९, ड्रेस्डेन; मृत्यू : २७ सप्टेंबर, १९००, बर्लिन) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. झाडांची मुळे आणि कवके यांच्या सहजीवनाला त्यांनी 'मायकोरायझा' (कवकमूळ) हे नाव दिले. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींमध्ये राहणाऱ्या जिवाणूंसाठी वापरले जाणारे 'रायझोबियम' हे नावही त्यांचेच आहे. उत्तरेकडील थंड प्रदेशांतील अल्डर वृक्षाच्या मुळांत राहून हवेतील नायट्रोजन बांधणाऱ्या सूक्ष्मजीवाचे 'फ्रँकिया' हे नाव त्यांच्या सन्मानार्थ ठेवलेले आहे. मात्र नायट्रोजन स्थिरीकरणाविषयीचा त्यांचा स्वतःचा मुख्य सिद्धान्त चुकीचा ठरला.

पूर्वायुष्य व शिक्षण

फ्रँक यांचे शिक्षण लाइप्झिग विद्यापीठात झाले. पुढे तेथेच त्यांनी वनस्पतिसंग्रहाचे काम पाहिले व अध्यापन केले. वनस्पतींची मुळे गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने आणि खोड त्याच्या विरुद्ध दिशेने वाढते, या घटनेचा त्यांनी अभ्यास केला व १८६८ मध्ये तिला 'जिओट्रॉपिझम' (गुरुत्वानुवर्तन) ही संज्ञा दिली. १८८० मध्ये वनस्पतींच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित होऊ लागला. १८८१ मध्ये बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली व उर्वरित आयुष्य त्यांनी बर्लिनमध्येच व्यतीत केले.

सहजीवनाची कल्पना

दगडफूल ही एक वनस्पती नसून कवक आणि शैवाल यांची जोडी आहे, हा विचार त्या काळी नवा व वादग्रस्त होता. दगडफुलांचा अभ्यास करताना १८७७ मध्ये फ्रँक यांनी दोन भिन्न जीवांच्या एकत्र राहण्याला सहजीवन या अर्थाची संज्ञा वापरली. या एकत्र राहण्यात कोणाचा लाभ व कोणाची हानी होते हे आधीच गृहीत न धरता ते नोंदवावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यानंतर लवकरच हाइनरिख आंतोन द बारी यांनी 'सिम्बायोसिस' ही संज्ञा रूढ केली.

कवकमुळांचा शोध

ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी खाद्य कवके युरोपात फार महाग विकली जातात. प्रशियात त्यांची लागवड करता येईल का, याचा तपास करण्याचे काम शासनाने फ्रँक यांच्याकडे सोपवले. लागवडीचा उद्देश सफल झाला नाही. परंतु ओक, बीच, पाइन इत्यादी वृक्षांची मुळे तपासताना त्यांच्या टोकांवर कवकाचे दाट आवरण असल्याचे फ्रँक यांना आढळले. हे आवरण रोगट मुळांपुरते मर्यादित नव्हते. निरोगी झाडांच्या मुळांवरही ते सर्वत्र होते. हे कवक झाडाला जमिनीतून पाणी व पोषक द्रव्ये मिळवून देते, असे प्रतिपादन त्यांनी १८८५ मध्ये केले. १८८७ मध्ये त्यांनी मुळाला बाहेरून वेढणारी आणि मुळाच्या पेशींत शिरणारी अशा दोन प्रकारांत कवकमुळांची विभागणी केली.

कवक म्हणजे रोग, अशी समजूत असलेल्या समकालीन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या मताला कडाडून विरोध केला. उत्तरादाखल फ्रँक यांनी पाइनची रोपे दोन प्रकारच्या मातीत वाढवली : एक उष्णतेने निर्जंतुक केलेली व दुसरी तशीच ठेवलेली. नैसर्गिक मातीतील रोपे अधिक जोमाने वाढली. त्यांचे हे मत सर्वमान्य होण्यास अनेक दशके लागली. आज बहुसंख्य भूवनस्पतींच्या मुळांत कवकमुळे असतात, हे सिद्ध झालेले आहे.

नायट्रोजनचा वाद

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेती ग्वानो आणि चिलीतील सॉल्टपीटर या आयात खतांवर अवलंबून होऊ लागली होती. त्यामुळे शेंगवर्गीय पिकांनंतर जमिनीचा कस का वाढतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरला नव्हता.

निर्जंतुक केलेल्या मातीत शेंगवर्गीय रोपांच्या मुळांवर गाठी येत नाहीत, असे फ्रँक यांनी १८७९ मध्ये दाखवले. गाठी बाहेरून आलेल्या जीवामुळे निर्माण होतात, असा याचा अर्थ होता. १८८६ मध्ये हेर्मान हेलरीगेल यांनी बर्लिन येथील परिषदेत याच गाठींच्या साहाय्याने शेंगवर्गीय वनस्पतींना हवेतील नायट्रोजन मिळतो, असे जाहीर केले. १८८८ मध्ये मार्टिनस बायेरिंक यांनी गाठींमधील जिवाणू वेगळे करून वाढवले. १८८९ मध्ये फ्रँक यांनी त्या सूक्ष्मजीवाला 'रायझोबियम' हे नाव दिले.

तरीही हेलरीगेल यांचा निष्कर्ष फ्रँक यांनी पूर्णतः स्वीकारला नाही. हवेतील नायट्रोजन घेण्याची क्षमता शेंगवर्गाबाहेरील वनस्पतींनाही असते, गाठींतील जीव केवळ तिला चालना देतो, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने हे मत खोडून काढले : कोणतीही वनस्पती स्वतः नायट्रोजन बांधत नाही, ते काम काही जिवाणू व तत्सम सूक्ष्मजीवच करतात. याच काळात, १८८९ मध्ये, मातीच्या पृष्ठभागावर वाढणारी शैवाले हवेतील नायट्रोजन बांधत असावीत, असेही फ्रँक यांनी मांडले. त्यांच्या मिश्र संवर्धनांतून हे निर्विवाद सिद्ध होत नव्हते. पण नील-हरित शैवालांच्या बाबतीत ते पुढे खरे ठरले.

फ्रँकिया आणि थंड प्रदेशांतील वृक्ष

अल्डर हा शेंगवर्गातील वृक्ष नाही. तरीही त्याच्या मुळांवर गाठी येतात. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल वोरोनिन यांनी १८६६ मध्ये या गाठींत सूक्ष्मजीव पाहिले होते. १८८६ मध्ये योर्गेन ब्रुंखोर्स्ट यांनी या जीवाला फ्रँक यांच्या नावावरून 'फ्रँकिया' हे नाव दिले. त्या वेळी तो कवक समजला गेला. १८९६ मध्ये लोरेन्झ हिल्टनर यांनी गाठी असलेली अल्डरची रोपे नायट्रोजनविरहित माध्यमातही वाढतात, असे दाखवले. फ्रँकिया हा कवक नसून तंतुमय जिवाणू आहे. प्रयोगशाळेत तो शुद्ध स्वरूपात वाढवण्यात १९७८ मध्ये प्रथम यश आले.

थंड हवामानात पालापाचोळा सावकाश कुजतो. त्यामुळे जमिनीत वापरण्याजोगा नायट्रोजन कमी असतो. हिमनदी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत तर तो जवळजवळ नसतोच. अलास्कातील ग्लेशियर बे येथे अशा जमिनीवर काही दशकांत अल्डरची दाट झुडपे उगवतात. त्यांच्या गळलेल्या पानांतून जमिनीत नायट्रोजन साठतो व त्यानंतर तेथे स्प्रूसचे अरण्य उभे राहते. तरुण अल्डर झाडे अशा रीतीने आपल्यामागून येणाऱ्या जंगलाची जमीन तयार करतात. भारतात पूर्व हिमालयातील उत्तीस हा अल्डरचाच एक प्रकार आहे; नागालँडमधील खोनोमा येथे फिरत्या शेतीत तो राखला जातो. कोकण किनाऱ्यावर वाळूत लावल्या जाणाऱ्या सुरूच्या मुळांतही फ्रँकिया राहतो.

भारतीय शेतीतील संदर्भ

फ्रँक यांनी नाव दिलेला किंवा सुचवलेला अभ्यासविषय महाराष्ट्रातील शेतीतही आढळतो. भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा जिल्हा आहे. तेथे धानाच्या बांधीत पावसाळाभर पाणी साचून राहते. अशा पाण्यात नील-हरित शैवाले वाढतात. या शैवालांची नायट्रोजन बांधण्याची क्षमता १९२८ मध्ये शुद्ध संवर्धनात सिद्ध झाली आणि भातशेतीतील त्यांचे महत्त्व भारतीय संशोधक पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. धान निघण्यापूर्वी त्याच ओलीवर लाखोळी फेकून पेरण्याची आणि बांधाच्या धुऱ्यावर तूर लावण्याची पद्धत या भागात रूढ आहे. या दोन्ही पिकांच्या मुळांवरील गाठी रायझोबियम व त्याच्या जवळच्या जिवाणूंमुळे येतात. हरभरा, तूर इत्यादींच्या बियाण्यास पेरणीपूर्वी लावल्या जाणाऱ्या जिवाणू संवर्धकाच्या पाकिटावर आजही 'रायझोबियम' हेच नाव असते.

अखेरची वर्षे व वारसा

१८९९ मध्ये जर्मनीच्या शाही आरोग्य कार्यालयात शेती व वनांसाठी स्थापन झालेल्या जीवशास्त्रीय विभागाचे प्रमुखपद फ्रँक यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी, वयाच्या ६१व्या वर्षी, बर्लिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत कवकमुळांविषयीचे त्यांचे योग्य मतही अनेकांनी नाकारले होते आणि नायट्रोजनविषयीचे मत मागे पडत चालले होते. मुळांचे पोषण एकट्या वनस्पतीचे नसून तिच्यासोबत राहणाऱ्या जीवांचेही असते, हा त्यांचा मूळ विचार मात्र आधुनिक मृदाशास्त्र, वनशास्त्र व कृषिशास्त्र यांचा आधार बनला आहे.