भास्कराचार्य आणि टाकीचं गणित



मारुंजीत सोसायट्या वाढल्या, त्यामुळे टाकी आणि टँकर आपल्या मुलांच्या रोजच्या बघण्यातले. भास्कराचार्यांची ओळख वर्गात करून द्यायची तर मी टाकीपासूनच सुरुवात करते.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जलवीड हे त्यांचं गाव. ते नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत वाद आहे, पण चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. (लग्नघटिका चुकलेल्या मुलीची गोष्ट त्यात नाही बरं का! ती फैजीच्या फारसी भाषांतरामुळे पसरली.)

लीलावतीत एक कुंड आहे. चार झरे ते वेगवेगळे भरतात : एक पूर्ण दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? मुलं लगेच वेळांची बेरीज करायला बसतात. पण बेरीज वेगांची करायची. दिवसाला १ + २ + ३ + ६ = १२ कुंडं, म्हणजे एक कुंड दोन तासांत.

आता हीच टाकी जरा अवघड करू. १०० लिटर पाण्यात १० किलो मीठ विरघळलंय. मिनिटाला ५ लिटर गोडं पाणी आत येतं, नीट मिसळतं आणि तेवढंच मिश्रण बाहेर जातं. सुरुवातीला मिनिटाला अर्धा किलो या वेगाने मीठ जातं. ४ किलो उरलं की २०० ग्रॅम. मीठ कमी होतं तसा वेगही घटतो. म्हणून निम्मं मीठ जायला १० नाही, जवळपास १४ मिनिटं लागतात. इंजिनिअरिंगची मुलं हे अवकल समीकरणाने सोडवतात.

भास्कराचार्यांनी हे सोडवलं होतं का? नाही. मिश्रणाचं गणित त्यांच्याकडे होतं, वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र वितळवण्याचं. क्षणाक्षणाला बदलणारा वेगही त्यांनी ओळखला होता, पण ग्रहांच्या बाबतीत. त्याला ते तात्कालिक गती म्हणत. कलनशास्त्राचं बीज इथे नक्कीच आहे. त्याची सर्वसाधारण पद्धत मात्र सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभी केली. सगळं आपल्याकडे आधीच होतं असं मुलांना सांगू नये, असं मला वाटतं. जे होतं तेच केवढं मोठं आहे!

११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. नातू चांगदेव (योगी चांगदेव वेगळे) यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. तो १२०७ चा शिलालेख या मठाचाच.