पुण्यश्लोक अहिल्याबाईंची खासगी

श्रावण वद्य चतुर्दशी ही पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची पुण्यतिथी होय. त्या निमित्ताने इंदूर नगरीत त्यांची पालखी निघते आणि काशी, गया, सोमनाथ येथील त्यांच्या धर्मकार्याचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. परंतु हा धर्मव्यय त्यांनी कोणत्या द्रव्यातून केला, हे सहसा कोणी विचारीत नाही. संसारी माणसाने त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध मात्र तेथेच आहे.

बाईंचा जन्म १७२५ साली नगर प्रांतातील चौंडी गावी माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून आणले. सासूबाई गौतमाबाई करारी व व्यवहारदक्ष होत्या. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे सुमारे तीन लक्ष रुपये उत्पन्नाची स्वतंत्र जहागीर करून दिली. हीच होळकरांची खासगी. फौज, किल्ले व मुलूख यांचा खर्च ज्यातून चाले ती दौलत निराळी, आणि घरातील स्त्रीच्या हक्काची ही खासगी निराळी, अशी विभागणी तेव्हापासून झाली. १७६१ साली गौतमाबाई निवर्तल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली.

पुढे दुःखांची परंपराच सुरू झाली. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले होते. १७६६ साली सासरे गेले. दुसऱ्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. घरात कर्ता पुरुष उरला नाही, हे पाहून दौलतीवर अनेकांची दृष्टी वळली. खुद्द राघोबादादा फौजेनिशी चालून आले. बाईंनी धैर्याने तो प्रसंग निभावला, फौजेचा भार तुकोजीरावांवर सोपविला आणि महेश्वरी राहून वसुलाची व खर्चाची व्यवस्था आपल्या हाती ठेवली.

येथून त्यांची खरी कसोटी लागली. मोहिमा दूरदेशीच्या, शिबंदीचे पगार तुंबलेले आणि तुकोजीरावांकडून पैशाची मागणी वारंवार येणारी. बाई मागील रकमेचा हिशेब मागत आणि तो मिळेना म्हणून खिन्न होत. या कारणाने दोघांत वितुष्ट आले व ते अखेरपर्यंत पुरते मिटले नाही. काटकसर करणाऱ्यास घरच्यांचा रोष सोसावा लागतो, तो त्यांनाही चुकला नाही.

मात्र जी शिस्त त्यांनी इतरांना लावली, तीच प्रथम स्वतःला लावली. दौलतीचा पैसा प्रजेचा व फौजेचा, त्यातून स्वतःच्या पुण्याची जोड करावयाची नाही, असा त्यांचा नेम होता. खासगीवर तुळशीपत्र ठेवून त्यांनी ती धर्मार्थ अर्पण केली, असे परंपरा सांगते. १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले. ठिकठिकाणी घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे झाली आणि ती पुढेही चालावीत म्हणून वार्षिक नेमणुकाही त्यांनी बांधून दिल्या. स्वतःची राहणी मात्र श्वेतवस्त्रांची व साधी. महेश्वरचा त्यांचा वाडा आजही पाहणाऱ्यास त्याची साक्ष देतो.

परद्रव्याविषयीची त्यांची निरिच्छा इंदूरकरांनी प्रत्यक्ष अनुभवली. माल्कमसाहेबांनी आपल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात पुढील हकीकत नोंदविली आहे. देवीचंद नावाचा एक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीरावांचा तळ तेव्हा इंदूरजवळ होता आणि काही स्वार्थी मंडळींच्या सल्ल्याने त्यांना त्या संपत्तीत वाटा घ्यावासा वाटला. सावकाराची विधवा महेश्वरी धावली. बाईंनी तिची कैफियत ऐकून घेतली, वस्त्रे देऊन घराची व मालमत्तेची स्वामिनी म्हणून तिचा गौरव केला आणि तुकोजीरावांना इंदूरपासून तळ हलविण्याची आज्ञा पाठविली. त्यांनीही ती निमूटपणे पाळली. दौलतीला पैशाची निकड असतानाचा हा निवाडा आहे, हे विसरू नये.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी महेश्वरी देह ठेवला.

आपल्या घरी लक्षावधींची जहागीर नाही. बेताच्या प्राप्तीत मुलांचे शिक्षण, आजारपण, सणवार व देवधर्म बसवावयाचा असतो. अशा वेळी मुलांच्या शुल्काचे पैसे लग्नाच्या थाटात जाऊ नयेत, वाण्याची उधारी थकवून देवापुढे दक्षिणा ठेवू नये. धर्मासाठी जे काढावयाचे ते स्वतःच्या गरजा आखडून काढावे, मग ते चार आणे का असेनात. प्रत्येक गृहिणीच्या डब्यांतील वेगवेगळ्या पुरचुंड्या ही तिची खासगी व दौलतच होय. त्यांची सरमिसळ होऊ न देण्याची बुद्धी पुण्यश्लोक बाईंच्या स्मरणाने आपणा सर्वांस लाभो.