मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड

पुण्याहून सातारच्या सडकेनें येऊन नसरापुरापासून पश्चिमेस वळलें म्हणजे दोन मोठे डोंगर समोर उभे राहतात. एक तोरणा व दुसरा राजगड. भोर व वेल्हें या मुलखांत राहणाऱ्या आपल्या वाचकांस ते इतके ओळखीचे आहेत कीं, त्यांजकडे मुद्दाम पाहण्याचें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं. पावसाळ्यांत ढग कोणत्या बाजूनें उतरला एवढ्यापुरतें पाहावें व आवणाच्या कामास लागावें. परंतु यांपैकीं एक डोंगर पावणेचारशें वर्षांपूर्वीं बहुतांशीं ओसाड होता व त्यावर आज जे तट व बुरूज दिसतात ते प्रथम एका तरुणाच्या मनांत उभे राहिले होते. मनांतील गोष्ट दगडांत कशी उतरली, तिला किती वर्षें लागलीं व तिची किंमत कोणीं दिली, हें सांगण्यासाठीं शिवाजी महाराजांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजीं जुन्नरजवळ शिवनेरी किल्ल्यावर झाला. तें वर्ष दुष्काळाचें होतें. १६३० पासून दोन-तीन वर्षें दख्खनेंत पाऊस नव्हता, माणसें व गुरें मेलीं, आणि त्याच सुमारास विजापूरच्या फौजेनें पुणें जाळून उद्ध्वस्त केलें. वडील शहाजी राजे विजापूरकरांच्या चाकरींत कर्नाटकांत असत. पुणें व सुपें ही त्यांची जहागीर. बाल शिवाजी आई जिजाबाईंसह त्या जहागिरींत राहावयास आले तेव्हां तेथें शेतांपेक्षां रान अधिक होतें. कारभारी दादोजी कोंडदेव यांनीं काय केलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लांडगे मारणारास बक्षीस लाविलें. पडीत जमीन करणारास पहिल्या वर्षीं नांवापुरता सारा व पुढें वर्षानुवर्ष थोडा थोडा वाढता, असा करार करून दिला. मुलानें राज्यकारभाराचा पहिला धडा घेतला तो असा, नांगरामागें उभें राहून.

सन १६४५ त या तरुणानें रायरेश्वराच्या देवळांत सोबत्यांसह स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. रायरेश्वराचें पठार भोरच्या नैर्ऋत्येस आहे व ही कथा या बाजूस लहान मुलांसही पाठ असते. ज्या पत्रावर ती आधारलेली आहे त्याच्या खरेपणाविषयीं इतिहासपंडितांत वाद आहे. आम्हांस तो वाद फारसा मोठा वाटत नाहीं. शपथ घ्यावयास एक घटका पुरते. यांस पुढें पस्तीस वर्षें लागलीं, व त्या वर्षांविषयीं वाद नाहीं.

विचार कृतींत उतरूं लागला याचा अगदीं आरंभींचा कागद उपलब्ध आहे, आणि तो लढाईचा नाहीं. भोर तालुक्यांत रांझें म्हणून गांव आहे. तेथील पाटील बाबाजी भिकाजी गुजर यानें एका स्त्रीशीं बदअंमल केला. पाटील म्हणजे गांवचा धनी. त्याच्यावर बोट ठेवण्याची छाती कोणास होणार? परंतु फिर्याद पुण्यास गेली, चौकशी झाली, गुन्हा शाबीत झाला, आणि पाटलाचे हातपाय तोडण्यांत येऊन त्याची पाटिलकी जप्त झाली. हें पत्र २८ जानेवारी १६४६ चें आहे. महाराज तेव्हां सोळाव्या वर्षांत होते. शिक्षा आजच्या दृष्टीनें अतिकठोर आहे, हें खरेंच. पण त्या काळीं वतनदारास शिक्षा होते हीच गोष्ट रयतेस नवी होती. याच पत्रावर महाराजांची संस्कृत मुद्रा आहे. चंद्राच्या कोरीप्रमाणें वाढत जाणारी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठीं आहे, असा तिचा आशय. शब्द मोठे होते. त्या दिवशीं त्यांच्या मागें थोडीशी जहागीर, कांहीं मावळे व एक निवाडा एवढेंच होतें.

त्याच सुमारास तोरणा हातीं आला. हा किल्ला समुद्रसपाटीपासून १४०० मीटरांहून उंच असून विजापूरकरांचें त्याकडे फारसें लक्ष नव्हतें. त्याची डागडुजी करितांना पुरलेलें द्रव्य सांपडलें, असें बखरी सांगतात. येथें क्षणभर थांबावें. एखाद्या तरुणास अवचित धन सांपडलें म्हणजे तें कोठें जातें हें आपण गांवोगांव पाहतों. लग्नांत जातें, वाड्यांत जातें, कज्जांत जातें. महाराजांनीं तें समोरच्या डोंगरावर घातलें. त्या डोंगरास मुरुंबदेवाचा डोंगर म्हणत. तेथें काम सुरू झालें व त्याचें नांव राजगड ठेविलें.

हें काम एका दमांत झालें नाहीं. तें वर्षानुवर्षें चाललें होतें. मध्यें उंच बालेकिल्ला, आणि त्याच्या तीन अंगांस पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. पद्मावती माची रुंद आहे. तेथें राहण्याचीं घरें, कचेऱ्या व मोठें तळें. संजीवनी माची डोंगराच्या चिंचोळ्या सोंडेवरून दोन-अडीच किलोमीटर गेलेली आहे. ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांनीं अवश्य पाहावी, कारण तेथील तट दुहेरी आहेत. बाहेरचा तट फोडून शत्रु आंत आला तर पुढें दुसरा तट उभा, आणि दोहोंमध्यें खोल अरुंद चर. तेथें माणूस सांपडला म्हणजे त्यास वळावयासही जागा नाहीं. डोंगरी किल्ल्यांवर टाकें खडकांत खोदावें, निघालेला दगड तटास लावावा, म्हणजे एका श्रमांत पाणीही होतें व भिंतही होते. पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत लिहून ठेविलें आहे कीं, किल्ला बांधावयाचा तर आधीं पाणी पाहावें. जो विहीर न पाहतां घराचा पाया घालतो त्याची गत मावळांतल्या माणसास निराळी सांगावयास नको.

राजगड सुमारे पंचवीस वर्षें स्वराज्याची राजधानी होता.

परंतु दगडापेक्षां माणसें जोडणें अवघड होतें. बारा मावळांत प्रत्येक खोऱ्याचा देशमुख वेगळा. रोहिडखोऱ्यांत कारीचे जेधे, हिरडस मावळांत बांदल, गुंजण मावळांत शिळीमकर, मुसेंखोऱ्यांत पासलकर; आणि प्रत्येकाचें शेजाऱ्याशीं बांधावरून भांडण. कोणास समजावून, कोणास दटावून, कोणाशीं लढून महाराजांनीं हीं खोरीं एकत्र केलीं. सर्व आपखुशीनें आले असें म्हणणें खरें होणार नाहीं. बांदलांशीं प्रथम लढावें लागलें. आणि त्याच बांदलांचे कारभारी, भोर तालुक्यांतील शिंदचे बाजीप्रभु देशपांडे, यांनीं १६६० च्या जुलै महिन्यांत घोडखिंडींत स्वतःचा प्राण देऊन महाराजांस विशाळगडीं पोंहचविलें.

सन १६५९ त अफझलखान विजापुराहून निघाला तेव्हां या खोऱ्यांची खरी परीक्षा झाली. मावळच्या देशमुखांस आदिलशहाचीं फर्मानें आलीं कीं, खानास येऊन मिळा, न याल तर वतन जाईल व जीवही जाईल. कान्होजी जेध्यांस आलेलें फर्मान १६ जून १६५९ चें आहे. भोरजवळच्या उत्रौळीचे खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पांच मुलांस घेऊन राजगडास आले व तें फर्मान त्यांनीं महाराजांपुढें ठेविलें. महाराजांनीं त्यांस उलट सांगितलें कीं, शेजारी गेले तसे तुम्हीही जा, उगाच पिढीजात वतनास कां मुकतां? कान्होजींनीं हातावर पाणी घेऊन वतनावर सोडलें. वतन म्हणजे काय होतें हें ज्यानें वाडवडिलांची जमीन कसली आहे त्यास समजतें. त्यानंतर जेध्यांचीं बायकामुलें सुरक्षित राहावीं म्हणून तळेगांवास पाठविण्यांत आलीं. खानाचा वध प्रतापगडाखालीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं झाला, ती हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्या दोन महिने आधीं राजगडावर महाराजांची पत्नी सईबाई वारली. मुलगा संभाजी अवघा दोन वर्षांचा होता.

यापुढें यशच यश आलें असें कोणी समजूं नये. सन १६६५ त मिर्झा राजा जयसिंग मोंगलांची मोठी फौज घेऊन आला. त्यानें पुरंदरास वेढा घातला, आणि दाऊदखानास राजगड व रोहिडा यांच्या भोंवतालचा मुलूख उजाड करण्यास पाठविलें. एप्रिल महिन्यांत एकट्या रोहिड्याच्या आसपास सुमारें ५० खेडीं जाळलीं गेलीं. राजगडचा तट अभंग राहिला. पण तटाखालीं घरें होतीं, पेंढ्याच्या गंजी होत्या, गुरें होतीं. इतिहासांत या ५० गांवांच्या वाट्यास एक ओळ येते. स्वराज्याच्या जमाखर्चांत त्यांचा आंकडा फार मोठा आहे, असें आम्हांस वाटतें.

महाराजांनीं तेव्हां तह केला. ११ जून १६६५ रोजीं ठरलेल्या पुरंदरच्या तहानें ३५ किल्ल्यांपैकीं २३ मोंगलांस द्यावे लागले. त्यांत रोहिडा गेला, सिंहगड गेला. बारा राहिले, त्यांत राजगड, तोरणा व रायगड होते. वीस वर्षांच्या कष्टांचे दोन भाग एका दिवसांत गेले, एक भाग उरला. पुढच्या वर्षीं आग्र्यास जावें लागलें, तेथें कैद झाली, आणि १७ ऑगस्ट १६६६ रोजीं तेथून निसटून महाराज वेषांतरानें राजगडास आले. नऊ वर्षांच्या संभाजीस वाटेंत मथुरेस ठेवावें लागलें होतें. तो मागाहून सुखरूप आला.

परत आल्यावर त्यांनीं लगेच तलवार उपसली नाहीं. ही गोष्ट चरित्रकार घाईनें ओलांडतात. जवळजवळ तीन वर्षें मोंगलांशीं सलोखा ठेवून त्यांनीं राज्याची घडी नीट बसविली; आणि मग १६७० त घाव घातला. ४ फेब्रुवारीस तानाजी मालुसऱ्यानें प्राण देऊन सिंहगड घेतला. त्याच वर्षीं पुरंदर व रोहिडाही परत आले. पुढें राजधानी राजगडाहून रायगडास गेली व ६ जून १६७४ रोजीं तेथें राज्याभिषेक झाला. शिक्क्यांतल्या शब्दांस राज्य मिळावयास अठ्ठावीस वर्षें लागलीं.

महाराजांनीं लिहविलेलीं दोन पत्रें राज्याभिषेकाच्या थाटापेक्षां आम्हांस अधिक मोलाचीं वाटतात. एक चिपळूणकडे छावणीस असलेल्या लष्करास राज्याभिषेकापूर्वीं गेलेलें आहे. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आतांच उधळाल तर पुढें घोडे उपाशीं मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, कोणी दाणे आणील, कोणी भाजी, आणि रयतेस वाटेल कीं यांच्याहून मोंगल बरे. रात्रीं दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, असा त्याचा मजकूर आहे. राजानें उंदराचाही विचार करावा! दुसरें पत्र ५ सप्टेंबर १६७६ चें, प्रभावळीच्या सुभेदारास. गांवोगांव फीर, कुणबी गोळा कर, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहींत त्यास बैलजोडीला पैसा दे, पोटास दाणा दे, त्याच्यानें होईल तेवढी जमीन त्याजकडून करीव. आणि दिलेलें वाढीदिढीनें न घेतां मुद्दलच, त्याची ऐपत होईल तसतसें, हळूहळू वसूल कर. याकामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, अशी त्यांत आज्ञा आहे. ज्यांनीं सावकाराचें व्याज भरलें आहे त्यांस या ओळींचा अर्थ पंडितांहून लवकर कळेल. लहानपणीं पुण्याच्या पडीत रानांत दादोजींनीं जें केलें तेंच येथें राज्याचा नियम होऊन आलें आहे.

३ एप्रिल १६८० रोजीं रायगडीं महाराजांचें देहावसान झालें. वय पन्नास वर्षें होतें. पुढें औरंगजेब स्वतः या डोंगरांत आला. सन १७०४ त त्यानें राजगड व पाठोपाठ तोरणा घेतला, पण कांहीं वर्षांतच ते पुन्हा मराठ्यांकडे आले. नंतर ही बाजू भोरच्या पंतसचिवांकडे राहिली व १९४८ त तें संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें. ११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान मिळालें, त्यांत राजगड आहे. राजवाड्याच्या जागीं आतां जोतीं उरलीं आहेत. पद्मावती तळ्यांत मात्र पाणी आहे.