प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

संत म्हटलं की आपल्यापैकी अर्धे जण पान उलटतात, हे मला माहीत आहे. सबमिशन आणि व्हायवाच्या दिवसांत संतचरित्र वाचायला वेळ कुणाला? पण जरा थांबा. ज्या माणसाला कळत्या वयात एकही अक्षर दिसलं नाही, त्याने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक ग्रंथ रचले. हे त्याने कसं केलं असेल, हा प्रश्न एखाद्या इंजिनियरलाही पडायला हवा. मला तो पडला, म्हणून हा लेख.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत आम्हाला हेलन केलर होती, लुई ब्रेल होता. पण आमच्या नेरला (यवतमाळ-अमरावती रोडवर एसटीने जाणाऱ्यांना नेर परसोपंत लगेच आठवेल) घरी आजोबांच्या तोंडी नाव असायचं ते गुलाबराव महाराजांचं. शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला हा माणूस माझ्या एकाही धड्यात नव्हता. हॉस्टेलला आल्यावर लायब्ररीत त्यांचं चरित्र हाती लागलं आणि मी ते दोन रात्रींत संपवलं.

गुलाब गोंदुजी मोहोड हे त्यांचं पूर्ण नाव. ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी या गावी, आजोळी, त्यांचा जन्म झाला. मूळ गाव चांदूर बाजार तालुक्यातलं माधान. घर शेतकऱ्याचं. बाळ नऊ महिन्यांचं असताना डोळे आले की काय झालं, चुकीचा औषधोपचार झाला आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली. चौथ्या वर्षी आईही गेली. मग आजीने लोणी टाकळीला नेऊन सांभाळलं.

आता विचार करा, त्या काळच्या वऱ्हाडात आंधळ्या मुलासमोर काय वाट होती? फार तर देवळात भजन म्हणायचं, नाहीतर घराच्या ओसरीवर बसून राहायचं. शाळा त्याच्यासाठी नव्हतीच. मुलगा हुशार आहे की मठ्ठ, हे तपासायचीही कुणाला गरज वाटत नसे. डोळे नाहीत म्हणजे शिक्षण नाही, हा हिशोब सगळ्यांनी आधीच करून टाकलेला असायचा.

या मुलाने तो हिशोब मोडला. त्याच्याजवळ साधन एकच होतं, दुसऱ्याचे डोळे. जो भेटेल त्याच्याकडून पुस्तक वाचून घ्यायचं. एकदा ऐकलं की ते त्यांच्या लक्षात राहत असे, असं चरित्रकार सांगतात. घरच्यांनी रीतीप्रमाणे १८९६ साली त्यांचं लग्न करून दिलं. पत्नीचं नाव मनकर्णिका. संसार सुरू झाला तरी वाचून घेण्याचं वेड सुटलं नाही. उलट वाढतच गेलं. वेदान्त, योग, आयुर्वेद, संगीत... आणि या यादीत शोभणार नाहीत अशी दोन नावंसुद्धा, डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर! या दोघांच्या मतांची चर्चा महाराजांच्या लेखनात येते. माधानसारख्या खेड्यात, १९०० च्या आसपास, इंग्रजी पुस्तकातला विचार एका अंध शेतकरीपुत्रापर्यंत पोचायचा तर किती हातांतून आला असेल? आधी इंग्रजी येणारा माणूस हवा, त्याला वेळ हवा, आणि त्याने ते मराठीत समजावून सांगायला हवं.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांना रँडम ॲक्सेस नव्हता, फक्त सिक्वेन्शिअल ॲक्सेस होता. पुस्तक समोर असलं की आपण पान मागे-पुढे करतो, खुणा करतो, इंडेक्स बघतो. ऐकणाऱ्याचं तसं नाही. कॅसेटसारखं ते एकदा पुढे गेलं की गेलं. पुन्हा हवं असेल तर वाचणाऱ्याला विनंती करा, तो कंटाळला तर गप्प बसा. त्यामुळे इंडेक्स डोक्यातच बनवावा लागतो. कुठल्या ग्रंथात कुठे काय आहे, कोणाचं मत कोणाच्या विरुद्ध जातं, हे सगळं महाराजांनी डोक्यात मांडून ठेवलं. लिहिण्याचंही तेच. ते सांगत आणि दुसरा कुणी लिहून घेई. खोडायचं, बदलायचं, ओळ मध्ये घालायची, सगळं तोंडी! आपण साधा प्रोजेक्ट रिपोर्ट दहा वेळा सेव्ह करून अकराव्यांदा बिघडवतो. इथे हजारो पानं अशी सांगून तयार झाली. साधुबोध, प्रेमनिकुंज, संप्रदायसुरतरु ही त्यातली काही नावं. मराठीबरोबर संस्कृत आणि हिंदीतही त्यांनी रचना केल्या.

ज्ञानेश्वर माउलींना ते पिता मानत आणि स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. कृष्णाला पती मानून त्यांनी भक्ती केली. ज्ञान आणि भक्ती यांची सांगड घालणारा त्यांचा विचार मधुराद्वैत या नावाने ओळखला जातो. त्यातलं तत्त्वज्ञान समजावून सांगण्याइतका माझा अभ्यास नाही. पण त्यांचा एक वेगळाच गुण मला फार आवडला. तो म्हणजे नवीन काहीतरी बनवण्याची खटपट. त्यांनी नावंग नावाची एक स्वतंत्र भाषा तयार केली आणि तिचं व्याकरणही रचलं. खेळता खेळता अध्यात्म कळावं म्हणून मोक्षपट नावाचा खेळ केला. बायकांनी घरकाम करताना म्हणावीत अशी गीतं रचली. ज्याला कागद दिसत नाही, तो भाषा डिझाइन करतो! आज ते असते तर नक्कीच कोडिंग करत असते, असं आमच्या रूमवर सगळ्यांचं एकमत झालं आहे.

लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. म्हणजे प्रज्ञा हेच ज्याचे डोळे आहेत असा. शब्द सुंदर आहे, पण तो म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. प्रज्ञा महाराजांची होती, पण डोळे माधानच्या आणि आजूबाजूच्या त्या माणसांचे होते ज्यांनी तासन्‌तास बसून वाचून दाखवलं आणि लिहून घेतलं. ती माणसं मिळाली नसती तर? तर एवढी मोठी प्रज्ञा लोणी टाकळीच्या ओसरीवरच बसून राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. अशा किती ओसऱ्या असतील?

गंमत म्हणजे (खरं तर दुःखाची गोष्ट) महाराजांचा जन्म झाला तेव्हा अंधांना स्वतः वाचता येईल अशी लिपी जगात अस्तित्वात होती. फ्रान्समधल्या एका खोगीर बनवणाऱ्याच्या मुलाने, लुई ब्रेलने, १८२४ साली वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी सहा ठिपक्यांची पद्धत तयार केली होती. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. सहा ठिपके, त्यातला प्रत्येक एकतर वर आलेला नाहीतर नसलेला, म्हणजे शुद्ध सहा बिट! त्याआधी अंधांची पुस्तकं म्हणजे नेहमीचीच अक्षरं कागदावर उठवलेली. ती अवजड, महाग आणि वाचायला संथ. लिहिणं तर अशक्यच. ब्रेलला मात्र एक पाटी आणि एक टोचणी पुरते. तरीही ब्रेल १८५२ साली वारला तोपर्यंत त्याच्या स्वतःच्या शाळेबाहेर ती फारशी रुजली नव्हती, आणि फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. मुंबईत १९०० साली मिस मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली. तेव्हा महाराज विशीत होते, म्हणजे आपल्याच वयाचे. पण मुंबई कुठे आणि माधान कुठे! शिवाय देशी भाषांसाठी वेगवेगळ्या शाळांत वेगवेगळे ब्रेल कोड चालायचे. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडलं. त्यात मराठीचा क, तमिळचा क आणि इंग्रजीचा के, तिघांना एकच ठिपके. महाराज २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात वारले. वय फक्त चौतीस. म्हणजे शोध लागून ऐंशी-नव्वद वर्षं झाली होती, तरी महाराजांचा सगळा व्यासंग दुसऱ्याच्या डोळ्यांवरच चालला. शोध लागणं वेगळं आणि तो खेड्यातल्या माणसाच्या हातात पोचणं वेगळं. मला तरी या चरित्रातून हेच शिकायला मिळालं.

तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. बदलला, पण किती? आमच्या नेरच्या गल्लीत एक मुलगा आहे, जन्मापासून अंध. त्याची ताई त्याला रोज पुस्तकं वाचून दाखवायची. दहावी त्याने त्याच जोरावर काढली. ताईचं लग्न झालं, ती सासरी गेली, आणि याचा अभ्यास थांबला. मधल्या शंभर वर्षांत त्याच्यासाठी काय बदललं होतं? पुढे कुणीतरी त्याच्या वडिलांच्या मोबाइलमधला टॉकबॅक चालू करून दिला आणि मराठी आवाज टाकून दिला. खर्च शून्य रुपये. ते फीचर फोनमध्ये आधीपासूनच होतं, फक्त घरात कुणाला माहीत नव्हतं.

साधनांचं असंच आहे. काही खूप महाग आहेत. ठिपके आपोआप वर-खाली होणारा ब्रेल डिस्प्ले चांगल्या लॅपटॉपच्या किमतीला किंवा त्याहून महाग पडतो. पण काही स्वस्त आणि फुकटही आहेत. कॉम्प्युटर बोलका करणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये लिहायला घेतलं, कारण बाजारातली सॉफ्टवेअर सामान्य अंध माणसाला परवडत नव्हती. ते आजही फुकट मिळतं. आयआयटी दिल्लीने बनवलेली स्मार्टकेन २०१४ साली बाजारात आली, साधारण तीन हजार रुपयांत. नेहमीच्या पांढऱ्या काठीला जमिनीवरचा अडथळा कळतो, पण गुडघ्याच्या वरचा, म्हणजे उघडी खिडकी, वाकलेली फांदी, ट्रकचा मागचा भाग, कळत नाही. ही काठी अल्ट्रासॉनिक लहरींनी तो ओळखते आणि हाताला कंपन देते. आपल्या मिनी प्रोजेक्टमधला सेन्सर तोच की!

सरकारची एडीआयपी योजना १९८१ पासून आहे. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र असेल आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल, तर व्हीलचेअर, श्रवणयंत्र, काठी, कॅलिपर अशी साधनं फुकट किंवा सवलतीत मिळतात. पण प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी चकरा, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, हा खर्च कुठल्याच योजनेत धरलेला नसतो. फॉर्म भरून देणारा एक शिकलेला माणूस जवळ असला तरी अर्धं काम होतं.

आणि एक गोष्ट तर पूर्णपणे आपल्याच हातात आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. त्याला ते निव्वळ अगम्य अक्षरांचं कडबोळं वाटतं. मोबाइलने फोटो काढून बनवलेल्या नोट्सची पीडीएफ म्हणजे त्याच्यासाठी कोरं पान. आपण जे लिहू ते युनिकोडमध्ये लिहिलं, तर पैसा खर्च न होता ते वाचण्याजोगं होतं. आपल्या या मॅगझिनचा मराठी विभाग युनिकोडमध्येही ठेवावा, अशी संपादक मंडळाला आणि सरांना माझी विनंती आहे.

महाराजांचं कौतुक आपण खूप करतो. चांदूर बाजारला भक्तिधाम आहे, भाविक तिथे जातात. मीही या सुट्टीत आजोबांना घेऊन जाणार आहे. पण ज्याला पुस्तक वाचण्यासाठी असामान्य स्मरणशक्ती लागते, त्याच्यावर अन्यायच होतो, असं मला वाटतं. साध्या बुद्धीच्या, साध्या घरातल्या, आपल्यासारखीच एखादी बॅक लागणाऱ्या अंध मुलालाही शिकता आलं पाहिजे. तेवढ्यासाठी लागणारी अक्कल आपल्या चार वर्षांच्या सिलॅबसमध्ये आहे. या वर्षीचा फायनल इयर प्रोजेक्ट निवडताना ती कुठे लावायची, एवढंच ठरवायचं बाकी आहे.