टार्बेलबाईंनी मांडलेला तेलाचा हिशेब

माल स्वस्त मिळतो आहे एवढ्यावरून ग्राहकाचे हित साधले असे मानावे काय, हा प्रश्न मक्तेदारीविषयक कायद्याच्या प्रत्येक चर्चेत उपस्थित होतो. मोठा व्यापारी काही काळ तोटा सोसून भाव पाडतो, लहान दुकानदाराला गाशा गुंडाळावा लागतो, आणि गिऱ्हाईक मात्र त्या दिवसापुरते संतुष्ट असते. अशा वेळी कायद्याने कोणाची बाजू घ्यावी? हा प्रश्न कागदपत्रांनिशी आणि आकड्यांनिशी जनतेपुढे मांडणाऱ्यांत आयडा टार्बेल या अमेरिकन लेखिकेचे स्थान फार वरचे आहे. त्यांच्या अभ्यासाचा विषय आपल्याला परका नाही. ज्या 'रॉक ऑइल'पासून मराठीत रॉकेल हा शब्द आला, त्या तेलाच्या धंद्याचाच तो इतिहास होय.

टार्बेलबाईंचा जन्म ५ नोव्हेंबर १८५७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. त्या दोन वर्षांच्याही झाल्या नव्हत्या, तोच ऑगस्ट १८५९ मध्ये टायटसव्हिल येथे ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि त्या रानवट मुलखाचे रूप पालटले. वडील फ्रँकलिन टार्बेल यांनी तेल साठवण्याच्या लाकडी टाक्या बांधण्याचा व्यवसाय सुरू केला व पुढे ते स्वतःच तेलाच्या धंद्यात उतरले. घरात सुबत्ता आली. परंतु १८७२ च्या आरंभी रेल्वे कंपन्यांनी तेलाचे वाहतूकभाडे एकाएकी जबर वाढवल्याची वार्ता आली, आणि तिच्या मुळाशी साऊथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाचा गुप्त करार असल्याचे उघडकीस आले.

त्या कराराची रचना समजून घेण्याजोगी आहे. करारात सामील असलेल्या मोजक्या कारखानदारांना रेल्वेकडून भाड्यात भरघोस सूट मिळावयाची होती. इथवरचा प्रकार घाऊक गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या सवलतीसारखा म्हणता आला असता. पण बाहेरच्या कारखानदारांनी जे जादा भाडे भरावयाचे, त्यातलाही हिस्सा रेल्वेने या मंडळींच्याच पदरात टाकावयाचा होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे प्रत्येक पिंप गाडीत चढले की त्याच्याच पैशाने याची तिजोरी भरावी! तेलभूमीतील उत्पादकांनी एकजुटीने विक्री रोखली, राज्याने कंपनीची सनद रद्द केली आणि करार प्रत्यक्षात येण्यापूर्वीच मोडला. तथापि त्या धास्तीच्या काही आठवड्यांतच क्लीव्हलंड शहरातील सव्वीसपैकी वीसहून अधिक शुद्धीकरण कारखाने जॉन रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या ताब्यात गेले होते. पुढे टार्बेलांच्या घरावर कर्जाचा बोजा चढला. वडिलांच्या भागीदाराने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

मुलगी मात्र शिकत राहिली. ॲलेघेनी महाविद्यालयात त्यांच्या तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या. १८८० साली पदवी घेऊन त्यांनी दोन वर्षे शिक्षिकेची नोकरी केली, मग मासिकाच्या संपादनकार्यात उमेदवारी केली आणि १८९१ मध्ये तुटपुंज्या शिलकीवर पॅरिस गाठले. तेथून मॅक्लुअर यांच्या मासिकाकडे त्या आल्या. नेपोलियन व लिंकन यांची चरित्रे लिहून त्यांनी मासिकाचा खप वाढवला. सूक्ष्मदर्शकाखाली जीवशास्त्राचा अभ्यास करण्याची त्यांची मूळची हौस होती, आणि ती नजर त्यांच्या लेखनात शेवटपर्यंत टिकली.

नोव्हेंबर १९०२ पासून स्टँडर्ड ऑइलचा इतिहास मासिकात क्रमशः येऊ लागला व तो एकोणीस प्रकरणे चालला. या कंपनीशी वैर घेऊ नये, असा वडिलांनीच सल्ला दिला होता. मार्क ट्वेन यांच्या मध्यस्थीने कंपनीचे एक प्रमुख हेन्री रॉजर्स यांची गाठ पडली आणि सुमारे दोन वर्षे हे गृहस्थ बाईंना आपल्या कचेरीत बोलावून कंपनीची बाजू समजावून सांगत होते. मग एक घटना घडली. कंपनीच्या एका वखारीत दर महिन्याला जुने कागद जाळण्याचे काम एका पोऱ्याकडे होते. त्या कागदांवर त्याला आपल्या रविवारच्या शाळेतील जुन्या गुरुजींचे नाव दिसले. ते गुरुजी लहानसे स्वतंत्र तेलव्यावसायिक होते. त्यांचा माल कोठून निघाला, कोठे जाणार, किती पिंपे, याची टिपणे रेल्वेच्या कचेरीतून कंपनीकडे पोहोचत होती, म्हणजे माल वाटेतच अडवता यावा अथवा त्या गावी भाव पाडता यावा. मुलाने ते कागद जाळले नाहीत. गुरुजींच्या हातून ते टार्बेलबाईंकडे आले आणि छापून आल्यावर रॉजर्स यांची भेट कायमची बंद झाली. रेल्वेतील कारकुनाने विकलेली माहिती कंपनीतल्या एका पोऱ्याने वाचवावी, हा या इतिहासातील मला सर्वांत बोलका वाटणारा भाग आहे.

स्वस्ताईचा प्रश्न बाईंनी टाळला नाही. रॉकेलचे भाव पूर्वीपेक्षा उतरले होते, हे सर्वांना दिसत होते. त्यांनी वर्षानुवर्षांचे कच्च्या तेलाचे आणि शुद्ध तेलाचे भाव शेजारी ठेवून मधला फरक तपासला. कंपनीच्या काटकसरीचा लाभ गिऱ्हाइकाला मिळतो तो स्पर्धेचा रेटा असेल तेव्हाच, एरवी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनी मोठी आहे म्हणून तिला दोष द्यावा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. रॉकफेलर यांच्या संघटनकौशल्याची त्यांनी मोकळेपणाने तारीफही केली. आक्षेप होता तो चोरट्या भाड्यावर आणि हेरगिरीवर.

या प्रतिपादनाला उत्तरेही मिळाली. १९५८ साली जॉन मॅगी या अर्थशास्त्रज्ञाने खटल्याची कागदपत्रे तपासून, तोट्यात माल विकून प्रतिस्पर्धी संपवल्याचा आरोप त्यांतून सिद्ध होत नाही, असा दावा केला. वडिलांच्या दुःखाची छाया बाईंच्या लेखणीवर पडली, हेही नाकारण्यात अर्थ नाही. परंतु भाड्यातील गुप्त सवलतींचा पुरावा अशा आक्षेपांनी पुसला जात नाही. सरकारी चौकशीचा १९०६ मधील अहवाल याच दिशेचा होता. त्याच वर्षी रेल्वेभाड्यावर नियंत्रण आणणारा हेपबर्न कायदा झाला आणि १८९० च्या शर्मन कायद्याखाली कंपनीवर खटला भरला गेला.

आपल्याकडील १९६९ च्या मक्तेदारी कायद्याची भिस्त बरीचशी आकारावर होती. वीस कोटी रुपयांची मालमत्ता झाली की उद्योगसमूह नोंदणीच्या कक्षेत येई. १९८५ मध्ये ही मर्यादा शंभर कोटींवर नेण्यात आली. २००२ च्या स्पर्धा कायद्याने दिशा बदलली. बाजारातील वर्चस्व हा स्वतःच गुन्हा नव्हे, त्या वर्चस्वाचा गैरवापर हा गुन्हा, अशी भूमिका घेऊन तोट्यातील किंमत हाही त्या गैरवापराचा एक प्रकार त्यात नमूद झाला. २००९ मध्ये जुना कायदा रद्द झाला. बदल योग्यच होता. मात्र आकार मोजणे सोपे असते. गैरवापर सिद्ध करावयाचा तर आतले कागद हाती यावे लागतात, आणि कागद वाचवणारा पोऱ्या दर खटल्यात भेटेलच असे नाही.

१५ मे १९११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलचे विभाजन कायम केले. तिच्या चौतीस कंपन्या झाल्या, जुन्या भागधारकांना प्रत्येकीचे भाग मिळाले, त्यांचे भाव चढले आणि रॉकफेलर पूर्वीपेक्षाही धनवान झाले. १९१४ मध्ये अनुचित स्पर्धेवर देखरेख ठेवणारा संघीय व्यापार आयोग स्थापन झाला. टार्बेलबाई पुढे पोलाद कंपनीचे प्रमुख एल्बर्ट गॅरी यांचे कौतुकपर चरित्र लिहून मोकळ्या झाल्या, आणि स्त्रियांच्या मताधिकाराला तर त्यांचा विरोधच होता. ६ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९११ मध्ये वेगळ्या झालेल्या न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क येथील कंपन्यांनी १९३३ साली आशियातील व्यापारासाठी स्टँडर्ड व्हॅक्यूम ही संयुक्त कंपनी काढली होती. मुंबईत तुर्भे येथे १९५४ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना तिचाच. एसोच्या राष्ट्रीयीकरणानंतर १९७४ मध्ये तो हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आला. त्या दोन मूळ कंपन्यांच्या वारसदार एक्झॉन आणि मोबिल १९९९ मध्ये सरकारी संमतीने पुन्हा एक झाल्या.